मोटर बंद असतानाचा आवाज

इरा आणि नील, हे वाचायच्या आधी एक करा. नील ज्या बाथरूममध्ये क्लॅरिनेट वाजवत बसतो तिथे दोघं जा, दार लावा आणि एक टाळी वाजवा. एकच. मग आवाज पुरता विरेपर्यंत थांबा. विरला की म्हणा, "बरी हाय."

आमच्या सोसायटीचा वॉचमन प्रत्येक नव्या जागेत हे करायचा.

गेल्या रविवारी तुमच्या आईने फोनवर नीलची तक्रार केली. शाळेतून आला की हा बाथरूमचं दार लावून वाजवत बसतो, बाहेर बोलावलं तर "इथे चांगलं वाजतं" एवढंच सांगतो. "आई, हा आत दुसरंच काही करत नसेल ना गं?" असं तिने विचारलं. मी हसले. पण हाच प्रश्न मी एका माणसाबद्दल विचारला होता. नुसता विचारून थांबले नाही. कागदावर लिहून, खाली सही करून पाठवून दिला होता.

म्हणून हे आत्ता लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण तो माणूस कोल्हापुरीत बोलायचा, त्यात त्याच्या सीमेकडचे चार कानडी शब्द. तो इंग्रजीत मावणार नाही. अडेल तिथे आईकडून वाचून घ्या. त्याचं नाव मी लिहिणार नाही. एकदाच लिहिलं होतं, त्याच कागदावर, आणि तेवढं पुरे झालं.

आमची इमारत तुम्ही पाहिली आहे. चार मजले, सोळा फ्लॅट, खाली पार्किंग, कोपऱ्यात मोटरची खोली. मी सोसायटीची सेक्रेटरी. तीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, हजेरीपट सांभाळले. हातात वही नसली तर मला काही सुचत नाही. म्हणून सोसायटीतही मी दोन वह्या ठेवल्या आहेत. निळी वही पाणी, मोटर, नळ, दुरुस्तीची. लाल वही येणाऱ्या-जाणाऱ्यांची आणि तक्रारींची. या दोन वह्या लक्षात ठेवा.

आधीचा वॉचमन सोडून गेला तेव्हा एजन्सीने याला पाठवलं. पंचावन्नच्या आसपासचा, उंचीने बेताचा, छाती मात्र रुंद. गाल सैल होते, कुणीतरी ताणून सोडून दिल्यासारखे. पहिल्या दिवशी मी त्याला इमारत दाखवायला निघाले. पार्किंगमध्ये पाऊल टाकलं आणि त्याने टाळी वाजवली. मी दचकले.

"काय झालं?"

"काय न्हाई, अक्का. जागा काय म्हणती बघत हुतो."

"मला इथे सगळे मॅडम म्हणतात."

"व्हय, अक्का."

जिन्यात टाळी. वर बघून मान डोलावली. "जिना चांगला हाय. तळात उभारलं की पार वरपातूर जातंय." गच्चीवर टाळी. लगेच तोंड वाकडं केलं. "गच्ची मुकी हाय." नंतर एकदा गॅसचा सिलिंडर आत आणून द्यायला तो माझ्या घरी आला. दिवाणखान्यात टाळी वाजवून त्याने चारी भिंतींवरच्या कपाटांकडे नाराजीने पाहिलं. "पुस्तकं लई हाईत अक्का. खाऊन टाकत्यात."

"काय खातात?"

"आवाज."

हे ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. मला वाटली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटला कुलूप असतं, ते कुटुंब पुण्याला गेलं आहे. एका सकाळी मी जिना उतरत असताना हा त्या बंद दारासमोर उभा. दाराच्या फटीशी हात नेऊन त्याने टाळी वाजवली आणि दाराला कान लावला. मी दोन पायऱ्या मागे सरकले, तो जाईपर्यंत थांबले आणि घरी येऊन लाल वहीत वेळेसकट नोंद केली.

दुसऱ्या मजल्यावर चौगुलेकाका राहतात. भांड्यांचे व्यापारी, सोसायटीचे खजिनदार. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे बारीक केले.

"मॅडम, सरळ हाय की. सामान भरलेलं घर असलं की आवाज दबतोय. मोकळं असलं की घुमतोय. आम्ही दुकानात भांडं वाजवून घेतो का न्हाई? तसा ह्यो घरं वाजवून बघतोय."

हे त्यांचं म्हणणं मला पटलं. त्या दिवसापासून त्याची प्रत्येक टाळी मी लिहायला लागले.

याच सुमारास मोटरचा आवाज सुरू झाला. दुपारी अडीचच्या पुढे इमारत शांत असते. त्या वेळेला खालून एक घुमणारा आवाज यायचा. एकच पट्टी, ना वर ना खाली. मी निळ्या वहीत लिहिलं: "मोटर बंद असताना मोटरचा आवाज." आणि मोटरच्या मेस्त्रीला बोलावलं.

मेस्त्री आला. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून ऐकत बसला. "मॅडम, ही झोपलीया." दुसऱ्यांदा आला तेव्हा माझ्या आग्रहाखातर त्याने बेअरिंग बदललं. तिसऱ्यांदा तो तिथे असतानाच आवाज आला. त्याने मेन स्विच खाली ओढला. आवाज चालूच. मेस्त्री उठून उभा राहिला.

"मॅडम, लाईटबिगर चालणारी मोटर तुमच्याकडं असंल तर माझं दुकान बंदच की ओ!"

शेजारच्या इमारतीतून येत असेल असं सांगून तो हत्यारं गोळा करून निघून गेला. मी घड्याळ लावून मोजलं. अकरा मिनिटं आवाजात खंड नव्हता. माणूस बोलो, गावो, रडो, मधे श्वास घेतो. या आवाजात श्वास कुठेच नव्हता. त्यामुळे तो माणसाचा असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

शेवटी एका दुपारी मीच खाली गेले. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात छत्री, काहीतरी असावं म्हणून. मोटरच्या खोलीमागे जमिनीखाली आमची जुनी पाण्याची टाकी आहे. तिला तडा गेल्यावर आम्ही नवी बांधली, जुनी कोरडीच राहिली. तिचं लोखंडी झाकण बाजूला सरकवलेलं होतं. झाकणाशेजारी चपलांचा जोड होता, टोकं बाहेरच्या बाजूला, इतका सरळ की क्षणभर मला बरं वाटलं. आवाज त्या चौकोनी भोकातून येत होता.

मी वाकून पाहिलं. वरून पडणाऱ्या उजेडात हा तळाशी मांडी घालून बसलेला. डोळे मिटलेले, गाल लिंबासारखे फुगलेले, तोंडात सनई. नाकाने श्वास आत जात होता आणि त्याच वेळी गालातली हवा सनईत चालली होती, त्यामुळे आवाज तुटतच नव्हता.

"वर या!" मी ओरडले.

त्याने एक बोट वर केलं. थांबा. मग सनई तोंडातून काढून मांडीवर ठेवली. सनई मांडीवर आली तरी आवाज टाकीत होताच. तो ओठांनी काहीतरी मोजत होता. आवाज विरल्यावरच शिडीवरून वर आला.

"पाच आकडं धरती, अक्का."

"काय चाललंय हे?"

"सूर धरलाय."

"कुणासाठी?"

हा प्रश्न मी का विचारला ते मला अजून कळलेलं नाही. तो चपला घालता घालता थांबला.

"अण्णासाठी," तो म्हणाला.

मग पार्किंगच्या कट्ट्यावर बसून त्याने सांगितलं. त्यांच्याकडे थोरल्या भावाला अण्णा म्हणतात, धाकट्याला तम्मा. सनईला दोन माणसं लागतात. एक चाल वाजवतो, लोक त्याच्याकडे बघतात. दुसरा त्याच्या शेजारी बसून सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच स्वर धरून ठेवतो. त्या स्वराला सूर म्हणतात, आणि तो धरणाऱ्यालाही लोक सूरच म्हणतात. अण्णा वाजवायचा. हा तिसाहून जास्त वर्षं शेजारी बसून धरायचा.

"फक्त एक स्वर? तीस वर्षं?" मी विचारलं.

"एकच. पर सोडायचा न्हाई."

अण्णा दोन वर्षांपूर्वी गेला. दवाखान्यात याला म्हणाला होता, "तम्मा, पोरीच्या अक्षतेला माझी सनई वाजू दे." त्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं.

"मी बी वाजंल म्हणून बसलो की. आता अण्णाची चाल वाजवणार कोण? मला नुसतं धराय येतंय. कानाला सगळं ठावं हाय अक्का, कुठं वळायचं, कुठं चढायचं. बोटांस्नी काय बी ठावं न्हाई. आन् मी वाजवाय घेतलं तर सूर कोण धरणार? घरातली पोरं समदी गाड्यांवर डायव्हर हाईत."

म्हणून तो सूर धरणारी जागा शोधत होता. टाळी वाजवून बघायची, जागा आवाज किती धरून ठेवते. गच्ची धरत नव्हती. जिना धरायचा, पण तिथे माणसं. टाकी पाच आकड्यांपर्यंत धरायची. इतके दिवस तो नुसता सूर भरून टाकी जोखत होता. आता बेत असा, की आधी सूर भरायचा, आणि टाकी तो धरून आहे तेवढ्यात अण्णाच्या चालीचा एक तुकडा वाजवून घ्यायचा. मग परत सूर भरायचा.

"लपून का?"

"वॉचमन सनई वाजवतोय म्हटल्यावर तुम्ही इचारणार, ह्यो राखण कवा करतोय?"

मी हेच विचारलं असतं.

"आणि ते बंद घर? त्या दाराशी काय करत होता?"

त्याचा चेहरा उजळला. "त्यात नऊ आकडं हाईत अक्का! कुणी किल्ली दिली तर..."

एवढ्यावर माझं मन पुन्हा आखडलं. घरी येऊन लाल वहीत लिहिलं: "रिकाम्या फ्लॅटची किल्ली मागितली."

तरी मी त्याला परवानगी दिली. नियम घालून दिले. दुपारी दोन ते तीन, झाकण पूर्ण उघडं, आणि तेवढा वेळ गेटवर मी स्वतः खुर्ची टाकून बसणार. गेट सांभाळायला बसते असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे मी खुर्ची अशी ठेवत होते की टाकीचं झाकण दिसावं.

"काय मॅडम, आज ड्युटी तुमची वाटतं?" चौगुलेकाका स्कूटर लावताना म्हणाले. "मग वॉचमन कुठं हाय?"

"टाकीत आहे."

"बरं हाय की. सोसायटीचं सगळंच उलटं."

पण संध्याकाळी तेच त्याला म्हणाले, "आवो, मोबाईलवर सूरपेटी मिळती. बटन दाबलं की झालं."

"बघितली मालक. ती अण्णाकडं बघत न्हाई. अण्णा वर चढला की मी जरा दाबून धरायचो. तिला कुठलं कळतंय?"

पहिले पंधरा दिवस त्याची चाल ऐकवत नव्हती. सूर भरताना तो राजा होता, आणि चालीला हात घातला की बोटं एकमेकांत अडकत. एक चढ होता, तिथे तो रोज पडायचा. पडला की भोकातून त्याचाच आवाज यायचा, "सोडायचं न्हाई." मग पुन्हा सूर. एकदा मी दूधवाल्याशी बोलता बोलता त्या चढाशी थांबले आणि श्वास रोखून धरला. तो पडला. "काय झालं?" दूधवाल्याने विचारलं. मी काही नाही म्हटलं. महिन्याभरात चालीची पहिली ओळ मला पाठ झाली होती.

मग गच्चीवरच्या टाकीचा पितळी कॉक नाहीसा झाला.

कॉक म्हणजे पाणी सोडण्या-बंद करण्याची मोठी चावी. त्या जागी कुणीतरी प्लास्टिकची बसवली होती. "जुनं जड पितळ हाय मॅडम," चौगुलेकाका म्हणाले. "आता असलं वतत न्हाईत. आन् टाळ्या वाजवत गच्चीवर कोण फिरतंय?"

मी लाल वही उघडली आणि त्यांना सगळ्या नोंदी वाचून दाखवल्या. बंद दार. कान लावला. पुन्हा बंद दार. गच्ची. किल्ली मागितली. एकेक गोष्ट घडली तेव्हा साधी वाटली होती. एकाखाली एक वाचल्यावर ती साधी राहिली नाही.

त्याच दुपारी मी एजन्सीला पत्र लिहिलं. इंग्रजीत लिहिलं. माझं इंग्रजी चांगलं आहे, वाक्यं कुठे ढिली पडत नाहीत. चोरीचा उल्लेख मी केला नाही. वर्तन संशयास्पद आहे एवढंच म्हटलं, तारखा दिल्या, वर त्याचं पूर्ण नाव घातलं. दुसऱ्या सकाळी गेटवर नवा माणूस होता. वैशाख तीन आठवड्यांवर आला होता.

मोटरच्या खोलीची किल्ली द्यायला तो वर आला. दारातच उभा राहिला. माझ्या दिवाणखान्याकडे त्याने पाहिलंही नाही.

"अक्का, मी काय घेतलं?"

"काही घेतलं असं मी लिहिलेलं नाही."

"मग काय लिवलंय?"

मी खरं ते सांगितलं. "तुम्ही टाळ्या वाजवता, असं लिहिलंय."

त्याने खिशातून किल्ली काढली. "त्ये खरं हाय," म्हणाला. किल्ली माझ्या हातात ठेवली आणि उतरू लागला. मी दार न लावता ऐकत राहिले. तळमजला येईपर्यंत नुसत्या चपलांचा आवाज आला.

चार दिवसांनी प्लंबर दारात उभा. हातात कापडी पिशवी, पिशवीत पितळी कॉक, घासून चकचकीत केलेला. "आटे झिजले हुते मॅडम, करून आणलं. तात्पुरता प्लास्टिकचा बसवलाय, आता काढतो. वहीत सही करा."

मी निळी वही काढली. माझ्याच अक्षरात ओळ होती: गच्चीवरचा पितळी कॉक दुरुस्तीला दिला. शेजारी माझीच सही. तक्रार लाल वहीत असते, म्हणून मी फक्त लाल वही वाचली होती. निळी त्याच कपाटात, तिच्या बरोबर खाली होती.

प्लंबरला मी पाणी दिलं. त्यानेच विचारलं, "मॅडम, बरं वाटत न्हाई का?"

एजन्सीत फोन केला. तो नोकरी सोडून गावी गेला होता. गाव कुठलं ते त्यांच्याकडे सापडेना. माझ्या वहीत लिहिलेलं होतं, "निपाणीकडचा." त्याच्या टाळ्या मी मिनिटांसकट लिहिल्या होत्या, आणि गावाचं नाव विचारलं नव्हतं. मी एजन्सीला दुसरं पत्र लिहिलं, पहिलं मागे घेतलं. "नोंद घेतली" एवढं उत्तर आलं.

कॉकचं कळल्यावर चौगुलेकाका दोन दिवस माझ्यासमोर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी गाडीची किल्ली हातात घेऊन आले. "चला," म्हणाले. आम्ही निपाणीला गेलो. बाजारात, देवळाबाहेर, वाजंत्री लोक बसतात त्या कट्ट्यावर विचारत फिरलो.

"सनईवाले लई हाईत. तुमास्नी कुठला पायजे?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"सूर धरणारा," मी म्हटलं.

तो हसला. "सूर धरणाऱ्याला कोण वळखतंय ओ पावणं? त्याच्याकडं कुणी बघतंय व्हय?"

परत येताना कागलच्या अलीकडे चौगुलेकाका एकदाच म्हणाले, "ते भांडी वाजवण्याचं मी बोलाय नको हुतं."

वैशाख आला आणि गेला. लग्न कुठल्या दिवशी होतं तेही मला माहीत नव्हतं. मी रोज दोन ते तीन गेटवर खुर्ची टाकून बसत होते. नव्या वॉचमनला वाटायचं मी त्याच्यावर लक्ष ठेवते आहे. तो बिचारा तासभर उभाच राहायचा.

आता जे सांगते ते वाचून तुमच्या आईची हसून हसून पुरेवाट होईल. वैशाख संपल्यावर एका दुपारी मी चहाचा कप घेऊन बाल्कनीत आले आणि खालून आवाज आला. तोच. एकच पट्टी, मधे श्वास नाही. मी कप कठड्यावर ठेवला. आला, मी म्हटलं. न विचारता आत उतरला, नेहमीसारखा. उतरू दे. या वेळी मी टॉर्च घेऊन जाणार नाही, वाकून बघणार नाही, घड्याळसुद्धा लावणार नाही. मी बाल्कनीतल्या खुर्चीत बसले आणि डोळे मिटून ऐकलं. बऱ्याच वेळाने आवाज किंचित उतरला. मला वाटलं, दाबून धरलाय, अण्णा वर चढला असेल.

मग जळका वास आला.

मोटर जाम झाली होती. नव्या वॉचमनने बटण दाबलं आणि तो चहाला गेला. पंखा अडकलेली मोटर जागच्या जागी घुमत राहिली आणि जळून गेली.

मेस्त्रीने ती उघडून काळी पडलेली कॉइल माझ्यासमोर धरली. "मॅडम, बंद असताना मला तीनदा बोलवलं. आन् जळत हुती तवा एकदा बी न्हाई?"

काय सांगणार? मी खरं ते सांगितलं. टाकी, सूर, टाळ्या, पत्र, सगळं. तो कॉइल हातात घेऊन उकिडवा बसला होता. एकदम मान वर केली.

"थांबा, थांबा. टाळी मारून बघणारा? गाल असं लोंबत्यात?"

"हो."

"आवो मॅडम, तुमची मोटर मी लग्नात ऐकली की!"

त्याच्या बायकोच्या माहेरच्यांकडे, निपाणीच्या पलीकडच्या गावात लग्न होतं. मांडव देवळासमोर घातलेला, स्पीकर लावलेले. अक्षतेच्या आधी नवरीचा चुलता मांडवात आला, त्याने टाळी वाजवली आणि म्हणाला, "मुकी हाय." शेजारी तंबाखूची जुनी वखार रिकामी पडून होती. अक्षता तिथे टाका, म्हणून तो अडून बसला. नवरदेवाकडची माणसं तापली. तेव्हा नवरीच उठली. "चिकप्पा म्हणतोय तिथं," म्हणाली आणि चालायला लागली. चिकप्पा म्हणजे बापाचा धाकटा भाऊ.

"मग सगळे गेले?"

"न जाऊन काय करत्यात? नवरीच निघाली म्हटल्यावर! आन् आत काय सांगू मॅडम, पायानं तंबाखूची धूळ उठली. अख्खं वऱ्हाड शिंकतंय. नवरदेव शिंकतोय, भटजी शिंकतोय, अंतरपाट धरणारे शिंकत्यात, अंतरपाट एका जाग्यावर थांबंना. तेवढ्यात त्यानं सनई तोंडाला लावली. आधी नुसता एकच आवाज. मी बायकोला म्हटलं, अगं, ही आमच्या मॅडमची मोटर!"

"आणि मग?"

"मग त्यो आवाज तसाच वखारीत ठेवला, आन् त्याच्यावरनं वाजवाय लागला."

"एकटा?"

"एकटाच. पर ऐकू दोघं येत हुते."

मी मेस्त्रीकडे नीट पाहिलं. हा माणूस बोलताना वाढवून सांगतो, हे मला बेअरिंगच्या वेळेपासून माहीत आहे. मला बरं वाटावं म्हणून रचत असेल तर? मी विचारलं, "मधे एक चढ आहे. तिथे तो अडखळला का?"

"मला काय कळतंय? शिंका चालू हुत्या."

"संपल्यावर काय झालं?"

"त्यानं सनई खाली घेतली. आवाज वखारीत हुताच. भटजी तोंड उघडून तसाच थांबला. त्यो आवाज जाईस्तवर कुणी हाललं न्हाई. शिंकलं बी न्हाई."

तरी माझी खात्री होईना. मी शेवटचं विचारलं. "त्याने चपला कुठे काढल्या होत्या?"

मेस्त्रीला प्रश्न विचित्र वाटला. "वखारीच्या दाराभाईर. ढिगातनं येगळ्या. अशा सरळ, टोकं भाईर."

मी गावाचं नाव विचारून घेतलं आणि दोन्ही वह्यांत लिहिलं. त्या रात्रीच पत्रही लिहिलं, मराठीत. निळ्या वहीतली कॉकची ती ओळ तशीच्या तशी त्यात उतरवली आणि जुनी टाकी मोकळी आहे असं कळवलं. उत्तर आलेलं नाही. त्याला वाचता येतं की नाही, आणि येत असलं तर माझं पत्र तो उघडेल की नाही, हे मला माहीत नाही. येणाऱ्या प्रत्येक पत्राकडे मी आधी संशयाने बघते, मग उघडते.

नील, तुझ्या आईला मी सांगितलं आहे की दार ठोठावू नकोस. तू आत काय करतोस ते मला माहीत आहे.

गेल्या सभेत जुनी टाकी बुजवायचा विषय आला होता. मी नको म्हटलं, आणि 'नको'च्या बाजूने चौगुलेकाकांनी माझ्याआधी हात वर केला. नवी मोटर जवळजवळ आवाज करत नाही. जुनी टाकी कोरडी आहे, झाकण तेच आहे. त्यावर वाकून टाळी वाजवली तर आवाज पाच आकड्यांपर्यंत राहतो.